भिंत उभी राहताना : कांद्याच्या मुळात पेशीविभाजन कसं पाहायचं

अकरावीची जर्नलं तपासायला घेतली की सूत्री विभाजनाचं पान लांबूनच ओळखू येतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशा चार देखण्या आकृत्या, रंगीत पेन्सिलीने भरलेली गुणसूत्रं, आणि अगदी तळाला, उरलेल्या जागेत कोंबलेली एक ओळ : ‘यानंतर परिकल विभाजन होऊन दोन पेशी तयार होतात.’ एका पेशीच्या दोन कशा झाल्या हे सांगणारी तेवढी एकच ओळ, आणि नेमकी तिलाच आकृती नाही.

त्या चार अवस्थांत वाटणी होते ती केंद्रकाची, म्हणजे प्रकल विभाजन. पेशी तोवर एकच असते. चुली दोन झाल्या, पण वाड्यात मधली भिंत अजून घातलेली नाही, अशी अवस्था. ती भिंत घालण्याचं काम म्हणजे परिकल विभाजन, ज्याला आपण वर्गात सर्रास सायटोकायनेसिस म्हणतो. हे काम कांद्याच्या मुळात, साध्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यांनी दिसतं. फक्त कुठे आणि कसं बघायचं ते माहीत हवं. आणि स्लाइडही थोडी वेगळ्या हाताने करावी लागते.

कांदा रुजवणं

लहान, घट्ट, जुना कांदा घ्या. नुकताच काढणी झालेला कांदा सुप्तावस्थेत असतो, आठवडाभर पाण्यावर ठेवला तरी ढिम्म हलत नाही. चाळीत दोन-तीन महिने काढलेला कांदा बरा. कोंब किंचित डोकावू लागलेला असेल तर उत्तमच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून आहे. तिथे कांद्याला गॅमा किरण देतात ते कोंब फुटू नये म्हणून, म्हणजे खरं तर वाढत्या टोकाच्या पेशींचं विभाजन थांबावं म्हणून. असा कांदा खायला चांगला, आपल्या प्रयोगाला बाद. कांदा नाहीच जमला तर लसणाची पाकळी चालते. दोघांच्याही पेशीत गुणसूत्रं १६ च.

तळाच्या चकतीवरची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढा. चकतीच्या कडेला धक्का लागू देऊ नका, नवी मुळं तिथूनच येतात. कांद्याच्या कुशीत तीन टूथपिक खोचून तो चहाच्या ग्लासच्या तोंडावर असा बसवा की फक्त चकती पाण्याला टेकेल. अख्खा बुडवला तर दोन दिवसांत कुजतो, आणि तो वास प्रयोगशाळेतून आठवडाभर जात नाही. पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं सुटतात. ती दीड-दोन सेंटिमीटर झाली की कापायची. फार लांब होऊ दिली तर टोकं मंदावतात.

मुळं कापणं आणि जागच्या जागी गोठवणं

मी सकाळी कापतो. टोकाकडचं सेंटिमीटरभर मूळ पुरे. कापल्या कापल्या ते स्थिरीकरणाच्या द्रावणात टाकायचं : तीन भाग इथेनॉल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. हे मिश्रण त्याच दिवशी करा, कालचं उरलेलं वापरू नका. यात पेशी क्षणात मरतात आणि जी ज्या अवस्थेत असेल ती तिथेच गोठते. म्हणूनच एका स्लाइडवर सगळ्या अवस्था एकत्र सापडतात. आपण बघतो तो सिनेमा नसतो, गर्दीचा एक फोटो असतो. क्रम आपल्याला लावावा लागतो.

चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून फ्रिजमध्ये ठेवली की कित्येक दिवस टिकतात. जूनमध्ये वर्ग भरले की मी पन्नास-साठ टोकं एकदमच करून ठेवतो. ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी कांदा रुसला तर सगळी तुकडी रिकाम्या हाताने परत जाते. माझ्या पहिल्या वर्षी ते झालं आहे.

आम्ल, रंग आणि अंगठा

आता १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. बाटलीतलं तीव्र आम्ल साधारण १२ नॉर्मल असतं. त्यामुळे ८.३ मिलिलिटर आम्ल थोड्या पाण्यात सोडून मग एकूण १०० मिलिलिटर करायचं. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. हे काम शिक्षकाने करावं, चष्मा आणि हातमोजे घालून. घरच्या ओट्यावर हे करू नका. मुळं या आम्लात घालून ती कुपी ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात पाच ते आठ मिनिटं उभी करा. टोक मऊ पडलं, सुईने हलकेच दाबल्यावर दबलं, की झालं. मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा.

आम्ल इथे नेमकं काय करतं? वनस्पतींच्या दोन शेजारी पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या पेक्टिनच्या थराने. जॅम घट्ट करायला जे पेक्टिन लागतं, तेच. आम्ल तो थर सैल करतं, म्हणून पेशी सुट्या होतात. आणि हा पेक्टिनचा थर मुळात आला कुठून? परिकल विभाजनात दोन नव्या पेशींच्या मधोमध जी पहिली नाजूक भिंत उभी राहिली, तिचाच हा गाभा. म्हणजे जे बघायचं त्याच गोष्टीचा जुना, पक्का झालेला भाग आपण स्लाइड करण्यासाठी विरघळवतो. वेळेचं भान ठेवायचं ते यासाठीच. वीस मिनिटं आम्लात राहिलेलं मूळ लापशी होतं.

धुतलेली मुळं वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकार्मिन या लाल रंगाच्या द्रावणात ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. मध्ये एक-दोनदा ज्योतीवरून फिरवून कोमट करा. वाफ दिसली की बाजूला घ्या, उकळी येऊ देऊ नका. रंग फिका पडत असेल तर एक जुनी युक्ती आहे : गंजलेल्या सुईने द्रावण ढवळा. लोहाचा अंश मिळाला की कार्मिन गुणसूत्रांना जास्त गडद धरतं. आमच्याकडच्या प्रयोगशाळा सहायकांनी एक गंजकी सुई याच कामासाठी जपून ठेवली आहे, ती कुणाला घासू देत नाहीत.

आता टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग बाकीच्या मुळापेक्षा गडद दिसेल. तिथल्या पेशी लहान, केंद्रकाने भरलेल्या, म्हणून रंग जास्त धरतात. तेवढाच ठेवा, उरलेलं मूळ फेकून द्या. निम्म्या मुलांच्या स्लाइडवर विभाजन दिसत नाही, कारण त्यांनी मूळ ठेवलेलं असतं आणि टोक फेकलेलं असतं.

तुकड्यावर रंगाचा ताजा थेंब, त्यावर तिरकी करत हळूच सोडलेली कव्हरस्लिप, त्यावर घडी केलेला टिपकागद. पेन्सिलीच्या मागच्या बाजूने हलके टोले द्या आणि मग अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा आडवा घसरला तर पेशी गुंडाळल्या जातात.

दाब किती द्यायचा हे मात्र काय पाहायचं त्यावर ठरतं. पुस्तकं सांगतात जोरात दाबा, कारण त्यांना १६ गुणसूत्रं मोजता येतील इतकी पसरलेली हवी असतात. आपल्याला भिंत पाहायची आहे. त्यासाठी हलकं दाबा, पेशींच्या रांगा पूर्ण मोडू देऊ नका. मूळ लांब वाढतं, त्यामुळे बहुतेक नव्या भिंती मुळाच्या लांबीला आडव्या पडतात. रांग शाबूत राहिली की त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळखता येतात. मी एका मुळाच्या दोन स्लाइड करायला लावतो, एक जोरात, एक हलक्या हाताने.

सूक्ष्मदर्शकाखाली

आधी १० च्या वस्तुभिंगाखाली भटका. लांबट, फिकट पेशी दिसल्या तर तो वाढ थांबलेला भाग, पुढे चला. चौकोनी, खच्चून भरलेल्या पेशींची वस्ती सापडली की ४० चं भिंग लावा.

चार अवस्थांवर मी फार वेळ घालवत नाही, त्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. बहुसंख्य पेशी विभाजनाच्या मधल्या काळातल्या असतील, गोल केंद्रक असलेल्या. लोकरीच्या गुंड्यासारखं केंद्रक म्हणजे पूर्वावस्था. विभाजनात असलेल्यांपैकी तीच सर्वांत जास्त सापडते. मधोमध आडवी ओळ म्हणजे मध्यावस्था, दोन्हीकडे ओढल्या जाणाऱ्या केळीच्या फण्या म्हणजे पश्चावस्था. ही झटकन उरकते म्हणून कमी सापडते. वाल्थर फ्लेमिंगने १८८२ साली सॅलॅमँडरच्या पेशींत हे सगळं पाहून त्याला ग्रीक भाषेतल्या ‘धागा’ या शब्दावरून मायटोसिस हे नाव रूढ केलं. आपला ‘सूत्री’ शब्दही तेच सांगतो.

एक सूचना इथेच : कांद्याच्या आकृतीत तारककेंद्र काढू नका. ते प्राणी पेशीत असतं. कांद्यात तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे धागे, त्याच्याशिवायच उभे राहतात. दरवर्षी किमान दहा जर्नलांत मी लाल गोल करतो.

आता अंत्यावस्था. दोन टोकांना दोन गडद ढेकळं असलेली पेशी शोधा. सापडली की कंडेन्सरखालचा पडदा थोडा मिटा, उजेड कमी करा. सेल प्लेट, म्हणजे मध्ये उभी राहू लागलेली ती नवी भिंत, कार्मिनने रंगत नाही, त्यामुळे भगभगीत उजेडात ती हमखास हरवते. (मराठी पुस्तकांत तिला पेशीपटल म्हणतात, पण तोच शब्द पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणालाही वापरला जातो, म्हणून मी सेल प्लेटच म्हणेन.) बारीक फोकसचं चाक अगदी किंचित पुढे-मागे करत राहा. दोन ढेकळांच्या मध्ये एक फिकट पट्टा आणि त्यात एक रेघ चमकून जाईल. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने ओढून मग खोडलेल्या रेघेइतकी पुसट.

आता तिची दोन टोकं बघा. ती बाजूच्या भिंतींना टेकली आहेत का? टेकली नसतील, रेघ मध्येच अधांतरी तरंगत असेल, तर तुम्हाला काम चालू असताना पेशी सापडली. माझ्या हिशेबात अशी एक पेशी दहा सुंदर मध्यावस्थांच्या तोडीची आहे. टेकलेली असेल आणि दोन्ही केंद्रकं पुन्हा गोल होत असतील तर काम उरकलं. आणि एखाद्या जागी निम्म्या उंचीच्या दोन बुटक्या पेशी, मध्ये इतरांपेक्षा पातळ भिंत, केंद्रकं एकसारखी दिसली, तर त्या नुकत्याच वेगळ्या झालेल्या बहिणी.

ती रेघ अधांतरी का तरंगते? कारण वनस्पती पेशी भिंत मधून बाहेर बांधते. गुणसूत्रं दोन्हीकडे गेली की मध्ये सूक्ष्मनलिकांचं एक पिंपासारखं जाळं उभं राहतं, फ्रॅगमोप्लास्ट नावाचं. गॉल्गी संकुलातून, म्हणजे पेशीतला माल बांधून पाठवणाऱ्या भागातून, सुटलेल्या बारीक पिशव्या या नलिकांवरून मध्यावर येतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांची थाळी तयार होते. पिशव्यांचं आवरण दोन्ही नव्या पेशींचं आवरण होतं, आतला माल म्हणजे पेक्टिन वगैरे भिंतीचा पहिला थर. त्यावर आधी कॅलोज चढतं, मग सेल्युलोजने पक्कं बांधकाम. थाळी कडेकडे वाढत जाते, जाळंही तिच्यासोबत बाहेर सरकतं, आणि शेवटी ती जुन्या भिंतीला जाऊन मिळते. कुठे मिळायचं ती जागाही आधीच ठरलेली असते : विभाजन सुरू होण्यापूर्वी पेशीच्या कडेने सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा येऊन जातो, आणि थाळी बरोबर तिथेच टेकते. गवंडी येण्याआधी सुताने आखून ठेवावं तसं. थाळी पूर्ण मिटत नाही, तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं राहतात, आणि भिंत झाल्यावरही दोन्ही बहिणींचं त्यांतून देणंघेणं चालू राहतं.

प्राणी पेशीत बटव्याची नाडी

हे सगळं भिंतीमुळे करावं लागतं. प्राणी पेशीला भिंत नाही, ती बाहेरून आत आवळत जाते. आवरणाच्या आतल्या बाजूला, मध्यावर, ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं तयार होतं. आपले स्नायू ज्यांच्या जोरावर आखडतात त्याच जातीची ही प्रथिनं. बटव्याची नाडी ओढावी तसं कडं आवळतं, खाच खोल होते, शेवटी एक बारीक दोरा उरतो आणि तोही तुटतो.

खाच नेमकी मध्यावर पडायला हवी, नाहीतर एका पेशीकडे दोन्ही केंद्रकं आणि दुसरीकडे नुसतं द्रव्य. हे कोण ठरवतं याचा छडा लावणारा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला लागली ती काचेची एक बारीकशी गोळी. रेमंड रॅपापोर्ट यांनी १९६१ मध्ये सँड डॉलर या समुद्री प्राण्याच्या अंड्यात मधोमध ती गोळी दाबून अंड्याचा मेदूवडा केला. पहिल्या विभाजनात वडा एकाच जागी तुटला आणि घोड्याच्या नालासारखी, दोन केंद्रकांची एकच पेशी उरली. दुसऱ्या वेळी नालाच्या दोन्ही बाजूंना तर्कुतंतू उभे राहिले. तिथे दोन खाचा पडल्या हे ठीक, पण तिसरी खाच नालाच्या वाकावर पडली, जिथे ना गुणसूत्रं होती ना तर्कू. शेजारच्या दोन तर्कूंची टोकं फक्त समोरासमोर आली होती. म्हणजे कुठे आवळायचं ही खूण त्या टोकांवरून फुटणारे तंतूच देतात, गुणसूत्रं मध्ये नसली तरी.

भिंत अडवून बघणं : कॅफीनचा प्रयोग

एखाद्या गोष्टीचं काम कळायचं तर ती काढून बघावी. परिकल विभाजन कांद्यात अडवता येतं, आणि तेही कॅफीनने. यात सेल प्लेट जमायला लागते पण पक्की होत नाही, मोडून जाते. प्रकल विभाजन मात्र बिनदिक्कत पुरं होतं.

प्रयोगशाळेचं कॅफीन १०० मिलिग्रॅम तोलून १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, म्हणजे ०.१ टक्का. कॅफीनची शुद्ध पूड चमचाभरही जिवावर बेतू शकते, तेव्हा ती मुलांच्या हातात देऊ नका, तोलायचं काम स्वतः करा. मुळं सुटलेला एक कांदा या द्रावणावर तासभर ठेवा, दुसरा साध्या पाण्यावर. तासानंतर दोन्हींची मुळं कापून वर सांगितल्याप्रमाणे स्लाइड करा. कॉफीच्या पावडरीचं पाणी वापरायचा मोह होतो. मी करून पाहिलं, पाणी गढूळ, प्रमाण अनिश्चित आणि मुळं तपकिरी.

कॅफीनच्या मुळात तुम्हाला इकडेतिकडे लांबट पेशी दिसतील आणि त्यात दोन-दोन गोल केंद्रकं, मध्ये भिंत नाही. साध्या पाण्याच्या कांद्यात अशा पेशी शोधून सापडत नाहीत. जर्नलात या पेशीची आकृती शेजारी काढायला लावा. चारही अवस्था नीट झाल्या आणि तरी पेशी एकच राहिली, हे एका चित्रात कळतं. काही मुळं कापण्याऐवजी पुन्हा साध्या पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी कापली, तर नशिबाने अशा पेशीतली दोन्ही केंद्रकं बरोबरीने पुन्हा विभाजनाला लागलेली सापडतात.

मुलं हमखास विचारतात, कोल्चिसिननेही हेच होतं का? नाही. कळलावीच्या गड्ड्यात असणारं हे विष तर्कुतंतूच उभे राहू देत नाही, त्यामुळे गुणसूत्रं वेगळीच होत नाहीत. तिथे दुप्पट गुणसूत्रांचं एक केंद्रक मिळतं, इथे दोन. कोल्चिसिन कॉलेजच्या टेबलावर आणायची गरज नाही.

मोजणी

वेळ असेल तर हलक्या दाबाच्या स्लाइडवर वेगवेगळ्या जागी मिळून ४०० पेशी मोजा. समजा त्यांतल्या ३२ विभाजनात आहेत, तर विभाजन निर्देशांक ८ टक्के. अवस्थानिहाय आकडे वेगळे लिहा, आणि अंत्यावस्थेपुढे आणखी एक रकाना ठेवा : सेल प्लेट अर्धवट किती, पूर्ण किती. पेशी आपापल्या वेळेने विभागत असल्याने ज्या अवस्थेच्या पेशी जास्त, ती अवस्था जास्त वेळ टिकते असा हिशेब मांडता येतो.

भिंत मुद्दामच न घालणारे

दोन केंद्रकांची पेशी म्हणजे बिघाडच असं मात्र नाही. आपल्या यकृतात निरोगी माणसातही दोन केंद्रकांच्या पेशी असतात. फळमाशीच्या अंड्यात केंद्रकं तेरा वेळा विभागतात आणि मगच त्यांच्यामध्ये पडदे पडतात, तेही जवळजवळ एकाच वेळी.

सर्वांत चविष्ट उदाहरण कोकणात आणि गोव्यात झाडावर लटकलेलं असतं. नारळ कोवळा असताना त्याच्या पोटात केंद्रकं विभागत राहतात पण भिंती घातल्या जात नाहीत, त्यामुळे सुटी केंद्रकं द्रवात पोहत असतात. आपण पितो ते शहाळ्याचं पाणी म्हणजे हाच द्रव. हे पाणी ऊतीसंवर्धनात, म्हणजे वनस्पतीचे तुकडे बाटलीत वाढवण्याच्या तंत्रात, १९४० च्या दशकापासून वापरात आहे, कारण त्यात पेशींना विभागायला लावणारी संप्रेरकं आहेत. त्या संप्रेरकांच्या वर्गाचं नाव सायटोकायनिन, थेट सायटोकायनेसिसवरून पडलेलं. जळगावकडे केळीची जी ऊतीसंवर्धित रोपं लावतात, ती बाटलीत असताना असंच एक कृत्रिम सायटोकायनिन घालून वाढवलेली असतात.

नारळ पुढे जून व्हायला लागला की भिंती घालायचं काम सुरू होतं, आणि ते कवटीच्या कडेकडून. शहाळेवाल्याकडे दोन नारळ मागा, एक नुसतं पाण्याचा आणि एक पातळ मलईचा. दुसऱ्यात चमच्याने जी मऊ साय खरवडून निघते, तिथे भिंती घालून झाल्या आहेत.